परक्या मुलखात रुपयाचे माप



पलूस भागातली मंडळी आता लांब लांब जाऊ लागली आहेत. द्राक्षबागायतदार अभ्यास दौऱ्यावर परदेशी जातात. काशीला निघालेली वडीलधारी माणसे गोरखपूर-सोनौलीमार्गे पुढे पशुपतिनाथाचे दर्शन घेऊन येतात. कुणी सहलीबरोबर व्हिएतनामलाही जातो. निघताना औषधे, स्वेटर, चटणी, लोणचे सगळे आठवणीने बांधले जाते. पैशाच्या हिशेबाची तयारी मात्र राहून जाते. हा पैसा छाटणीच्या आणि मजुरीच्या खर्चातून बाजूला काढलेला असतो. तो परक्या नोटांच्या गोंधळात जाऊ नये, म्हणून चार गोष्टी सांगतो.

आण्याचे पैसे झाले तेव्हा

नवे चलन अंगवळणी पाडणे आपल्या घरांना नवे नाही. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पै होत. त्या दिवसापासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. एका आण्याचे येत सव्वासहा नवे पैसे. आता पाव पैसा द्यायचा कसा? म्हणून एका आण्याचे सहा धरत. पण पावलीचे २५, अधेलीचे ५० आणि बारा आण्यांचे ७५ बरोबर बसत. हे खुंट पक्के ठोकले की मधला हिशेब अंदाजाने जमे. परदेशातही हीच युक्ती चालते. पै-पैचा हिशेब करत बसू नका, तीन-चार खुंट पक्के करा.

नेपाळी रुपया म्हणजे दहा आणे

१९९३ पासून आपल्या १०० रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे. म्हणजे नेपाळी रुपया आपल्या बरोबर दहा आण्यांचा. जुन्या माणसांना एवढे सांगितले तरी पुरे. इतरांनी निमकी आणि सवायकी आठवावी. नेपाळी भाव निम्मा करा आणि त्या निम्म्याची सवाई करा. ८०० चे निम्मे ४००, चारशेची सवाई ५००. झाले आपले ५०० रुपये.

नेपाळात पाट्या देवनागरीत असतात, नाव रुपयाच असते आणि मोजणीही लाख-कोटीचीच. सगळे घरच्यासारखे वाटते, आणि फसगत होते ती त्यामुळेच. दुकानदाराने ८०० सांगितले, तर आधी विचारा, "भारू की नेरू?" म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. न विचारता आपले ८०० दिले, तर ३०० रुपये फुकट गेले. आपल्या मोठ्या नोटा तिकडे चालण्याचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. म्हणून निघण्याआधी बँकेत चौकशी करावी.

शून्यांना भिऊ नका

व्हिएतनामचे चलन डोंग. तिथली सर्वांत मोठी नोट ५ लाखांची! पहिल्या दिवशी माणूस आपल्याला लक्षाधीश समजतो आणि दुसऱ्या दिवशी चहाचा भाव ऐकून घाबरतो. दोन्ही व्यर्थ. हिशेबापुरते रुपयाला ३०० डोंग धरू. मग शेवटची दोन शून्ये झाकावीत आणि राहिलेल्या आकड्याला तिनाने भागावे. ५०,००० डोंगाचे राहिले ५००, त्याचा तिसरा हिस्सा १६६ रुपये. खुंट ठोकायचा तो लाखाचा: १ लाख डोंग म्हणजे सुमारे ३३३ रुपये. दर बदलतो, म्हणून निघण्याच्या आठवड्यात ताजा दर विचारून खुंट नव्याने ठोकावा.

इथे तीन धोके आहेत. पहिला रंगाचा. २० हजारांची आणि ५ लाखांची, दोन्ही नोटा निळसर. एक आपल्या ६६ रुपयांची, दुसरी साडेसोळाशेच्या वरची. संध्याकाळच्या उजेडात रिक्षावाल्याला एकीऐवजी दुसरी गेली, तर २५ पट पैसे गेले. म्हणून ५ लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि देताना रंग पाहू नका, आकडा वाचा. दुसरा धोका टिंबाचा. तिकडे हजाराच्या जागी स्वल्पविराम न देता टिंब देतात. ५०.००० असे लिहिले, तर ते पन्नास नव्हे, पन्नास हजार. तिसरा धोका बोलण्याचा. विक्रेता हजार गाळून नुसते "पन्नास" म्हणतो. तेव्हा देण्याआधी आकडा कागदावर लिहून मागावा.

युरोपात उलटा प्रकार. तिथे आकडे लहान दिसतात आणि हात सैल सुटतो. यूरो शंभर रुपयांचा धरला, तर "फक्त ३ यूरो" म्हणजे ३०० रुपये, हे विसरू नये.

मिलियनचे लाख

दौऱ्यातली माहिती मिलियन-बिलियनमध्ये सांगतात. १ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी. वहीच्या पहिल्याच पानावर हे लिहून ठेवावे.

पैसे बदलताना

पैसे बदलून देणाऱ्याच्या फलकावर दोन दर असतात, एक घेण्याचा आणि एक विकण्याचा. शिवाय कुणी वर वेगळी हाताळणी आकारतो. त्यामुळे "माझ्या दहा हजार रुपयांचे हातात किती पडतील?" एवढेच विचारा आणि दोन ठिकाणी विचारा. खिडकीसमोरच मोजून घ्या, पावती जपा. कार्डाने पैसे देताना यंत्र "रुपयांत की इथल्या चलनात?" असे विचारते. रुपये ओळखीचे म्हणून तिकडे बोट जाते, पण त्यात दर बहुधा महाग लावलेला असतो. तेव्हा तिथलेच चलन निवडावे.

शेवटी कामाचे एकच. निघण्याआधी घरातल्या शाळकरी मुलाला पुठ्ठ्याची एक चिठ्ठी करायला लावा. डावीकडे तिथल्या नोटा, समोर आपले रुपये, आणि त्यापुढे तेवढ्या पैशात पलूसच्या बाजारात काय येते ते: चहा, किलोभर साखर, एका दिवसाची मजुरी. ही चिठ्ठी वरच्या खिशात असू द्या. नोट कोणत्याही देशाची असो, ती देण्याआधी आपल्या शिवारातल्या किती दिवसांच्या मजुरीची आहे, ते पाहावे आणि मगच हात सोडावा.