समजून घ्या : धरण उशाला, कोरड घशाला, शहापूर-मुरबाडच्या पाण्याबाबत कायदा काय सांगतो?

शहापूर तालुक्यातील भातसा, तानसा धरणांचे पाणी मुंबईला जाते. मुरबाडजवळच्या बारवीचे शहरांना आणि कारखान्यांना. उन्हाळ्यात मात्र याच दोन तालुक्यांतील अनेक पाडे टँकरची वाट पाहतात.

पाणी हा हक्क आहे का?
होय, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी ठरावाने म्हटले. बाजूने १२२ मते, विरोधात शून्य, ४१ देश तटस्थ. भारत बाजूने होता, ब्रिटन तटस्थ. पण असा ठराव बंधनकारक नसतो.

मग दाद कुठे मागायची?
युरोपीय संघाने २०२० च्या निर्देशात वंचितांपर्यंत पिण्याचे पाणी पोहोचवण्याची जबाबदारी सदस्य देशांवर टाकली. आपल्याकडे आधार राज्यघटनेच्या कलम २१ चा. न्यायालयांनी पाणी जगण्याच्या हक्कातच धरले आहे. म्हणजे टँकर ही मेहरबानी नाही; पाणी मिळाले नाही, तर उच्च न्यायालयात जाता येते.