पावणेदोनशे ग्रॅम पावडर आणि मिनिटाला 240 खोल्या हवा

अमेरिकेच्या आयोवा राज्यात माणसं सुमारे 32 लाख आणि डुकरं सुमारे 2 कोटी 40 लाख. म्हणजे माणशी सात डुकरं. एका मोठ्या शेडमध्ये 2,400 जनावरं असतात. पायाखाली फटींची जमीन, तिच्याखाली मलमूत्राचा खड्डा. तिथून अमोनिया निघतो, हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि निघतं पॅरा-क्रेसॉल. शेडपासून दूर राहणाऱ्यांना नकोसा होणारा वास मुख्यतः या पॅरा-क्रेसॉलचा.

उन्हाळ्यात एका मोठ्या डुकरामागे मिनिटाला 120 घनफूट हवा बाहेर फेकावी लागते. 2,400 डुकरांची मिळून होते 2,88,000 घनफूट. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच 240 खोल्या भरतील एवढी हवा, दर मिनिटाला!

एम्स इथल्या आयोवा स्टेट विद्यापीठातले संशोधक ही हवा प्रकाशाने साफ करू पाहताहेत. भिंतींना, छताला टायटॅनियम डायऑक्साइडचा थर देतात. पांढऱ्या रंगात असतो तोच पदार्थ, फक्त कण अतिसूक्ष्म. त्यावर 365 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडायचा. या प्रकाशाच्या एका वॉटमधून सेकंदाला 18 वर 17 शून्यं इतके प्रकाशकण सुटतात. त्यांच्या ऊर्जेने थरातले इलेक्ट्रॉन उसळतात, हवेतल्या बाष्पापासून हायड्रॉक्सिल मूलकं बनतात आणि ती वासाच्या रेणूंचे लचके तोडतात.

थर किती, तर चौरस सेंटिमीटरला 10 मायक्रोग्रॅम. डुकरामागे आठ चौरस फूट धरले, तर 2,400 डुकरांच्या शेडचं अख्खं छत पावणेदोनशे ग्रॅममध्ये झाकलं जातं. हा आकडा मी पुन्हा पुन्हा मांडून पाहिला. इतक्या कमी मालात इतकं काम करू शकणारी दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. आठ फूट उंचीच्या अशा शेडमधली सगळी हवा उन्हाळ्यात जेमतेम 32 सेकंदांत बदलते. रेणू थरापाशी पोचायच्या आत पंख्याबाहेर पडतो. त्यात धूळ दिव्यांवर बसून प्रकाश अडवते. चाचण्यांमध्ये पॅरा-क्रेसॉल बऱ्यापैकी घटलं, अमोनिया मात्र माफकच.

म्हणून माझी आशा थंडीवर आहे. तेव्हा डुकरामागे दहाच घनफूट हवा काढतात. तीच हवा शेडमध्ये सहा मिनिटांहून जास्त थांबते, म्हणजे प्रकाशाला बारापट वेळ मिळतो. आणि शेडमधली हवा सगळ्यात दाट, कामगारांचे डोळे चुरचुरवणारी होते, तीही याच दिवसांत.