लग्नाची तारीख ठरली, पण वजनाचा काटा हलेना! तीन महिन्यांत खरंच किती किलो कमी होतं?

शिरपूर : तुळशीचं लग्न लागलं की तालुक्यात मांडव पडायला सुरुवात होते, ती थेट पावसाळा तोंडावर येईपर्यंत. आखाजीच्या आसपास तर एकेका दिवशी चार-चार पत्रिका हातात असतात. सुपारी फुटली, तारीख ठरली, की ज्यांचं लग्न आहे त्यांच्या डोक्यात दुसरीच मोजणी सुरू होते. ‘दहा किलो तरी उतरलं पाहिजे.’ ब्लाऊज शिवायला टाकायचाय, फोटोवाला येणार आहे, नातेवाईक बोलणार आहेत. नवरदेवाचंही तेच. शेरवानीचं बटण लागत नाही म्हटल्यावर त्यालाही पोट आठवतं.

मग मोबाईलवर शोधाशोध होते. कोणी गरम पाणी-मध सांगतं, कोणी पावडरचा डबा विकतं, कोणी रात्रीचं जेवणच बंद करायला लावतं. आठ दिवस उत्साह टिकतो, नवव्या दिवशी केळवणाचं आमंत्रण येतं आणि सगळं बारगळतं. पण यात माणूस आळशी असतो असं नाही, बहुतेक वेळा हिशेबच चुकलेला असतो.

आधी बघा, वजन कमी करायची गरज आहे का?

हा प्रश्न फार कमी घरांत विचारला जातो. बघायला आलेल्यांपैकी कोणी तरी ‘मुलगी जरा भरलेली आहे’ म्हणून जातं आणि चांगली धडधाकट मुलगी उपाशी राहायला लागते.

भारतीय लोकांसाठी डॉक्टर जे माप धरतात ते सोपं आहे. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. येणारा आकडा १८.५ ते २३ च्या दरम्यान असेल तर वजन योग्य. २३ च्या वर जास्त, २५ च्या वर लठ्ठपणा. म्हणजे ५ फूट १ इंच उंचीच्या मुलीचं वजन साधारण ४५ ते ५५ किलो असेल तर तिला काहीही कमी करायचं नाही. ५ फूट ७ इंचाच्या मुलाचं ६६ किलोपर्यंत ठीक.

दुसरं माप कमरेचं. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली तर पोटाची चरबी वाढली असं समजावं. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, असं शरीर आपल्याकडे खूप दिसतं. वजन फार नसलं तरी त्यात पुढे शुगर-बीपीचा धोका असतो. आशाताई तिशीच्या पुढच्या लोकांचा जो फॉर्म भरून घेतात, त्यात कंबरेचं माप विचारतात ते याचसाठी.

हिशेब : आठवड्याला अर्धा किलो

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यात आठवड्याला अर्धा किलो वजन कमी होणं सुरक्षित मानलं आहे. तारखेला १२ आठवडे असतील तर ६ किलो. ६ किलो ऐकायला कमी वाटतं, पण कमरेवर ते स्पष्ट दिसतं. ‘महिन्यात १५ किलो’ची जाहिरात म्हणूनच संशयाने बघावी.

पहिल्याच आठवड्यात दोन-तीन किलो उतरतं ते काय, असं कोणी विचारेल. ते बहुतेक पाणी असतं. जेवण एकदम तोडलं की शरीर साठवलेली साखर वापरतं आणि त्या साखरेबरोबर धरून ठेवलेलं पाणी बाहेर जातं. पुन्हा दोन दिवस पोटभर जेवलं की ते परत येतं. घामाचा पट्टा बांधून जे ‘वजन’ जातं तेही पाणीच, तांब्याभर प्यायलं की भरून निघतं.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचं तर रोज ५५० कॅलरी कमी पडल्या पाहिजेत. त्या भाकरीतून काढायची गरज नाही. घरातच तीन जागा आहेत.

१) तेलाचा डबा : पाच माणसांच्या घरात १५ किलोचा डबा दोन महिन्यांत संपत असेल तर माणशी रोज ५० ग्रॅम तेल पोटात जातं. पोषण संस्थेच्या ताटात ते साधारण २७ ग्रॅम आहे. म्हणजे तोच डबा साडेतीन महिने पुरला पाहिजे. एवढं जमलं तर माणशी रोज २०० कॅलरी वाचतात आणि पैसेही. शेवभाजीवरचा तवंग, भजी, पापड तळणं, वांग्याच्या भाजीतली ढळढळीत फोडणी, डबा जातो तो इथे.

२) चहा : दिवसात चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, झाली ४० ग्रॅम, म्हणजे १६० कॅलरी. दोनच चहा, त्यात एकेक चमचा साखर केली तर १२० वाचल्या.

३) चहासोबतचा पुडा : ग्लुकोज बिस्किटांचा ५० ग्रॅमचा पुडा म्हणजे साधारण २२५ कॅलरी. मूठभर शेव-फरसाण घेतलं तरी जवळपास तेवढ्याच.

तिन्हींची बेरीज झाली ५४५. भाकरी, वरण, भाजी कशालाही हात न लावता दिवसाचा हिशेब पूर्ण होतो. त्यावर ४० मिनिटं भरभर चालणं झालं तर केळवणाच्या दिवसाची तूट भरून काढता येते.

ताटात काय असावं?

खान्देशचं रोजचं जेवण मुळात वाईट नाही. दादरची किंवा कळण्याची भाकरी, मेथी-पालकाची भाजी, मुगाचं किंवा तुरीचं वरण, कांदा-मुळा, ताक, ठेचा. यात बिघडण्यासारखं काही नाही. कळण्यात ज्वारीबरोबर उडीद असतो, त्यामुळे ती भाकरी पोटात टिकते आणि लवकर भूक लागत नाही. दोन गोष्टी वाढवायच्या : भाजी आणि डाळ. उसळ, अंडी, दही, शेंगदाण्याची चटणी यातून प्रथिनं मिळतात. प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर अंगातली ताकदही उतरते आणि चेहरा ओढल्यासारखा दिसतो.

‘दीक्षित डाएट करू की दिवेकरांचं ऐकू?’ हा वाद महाराष्ट्रात घराघरांत झाला. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत लोकांपर्यंत नेली. ऋजुता दिवेकर आपल्या भागात पिकणारं, घरचं, वेळच्या वेळी खायला सांगतात. दोन्हीत वाद असला तरी पाकिटातलं आणि चहासोबत सतत चरणं दोघांकडेही बसत नाही. वेगवेगळ्या आहारपद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांतही हेच दिसलं, की वर्षभराने फरक पडतो तो पद्धतीच्या नावाने नाही, ती पाळली किती यावरून. शेतात दिवसभर कापूस वेचणाऱ्या मुलीला दोन जेवणं झेपतीलच असं नाही. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलूच नयेत.

उपास करून काय होतं?

लग्नाआधी जेवण तोडणाऱ्या मुलींना एक गोष्ट कोणी सांगत नाही. अचानक उपासमार झाली की दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात. म्हणजे नेमके हळदीच्या सुमारास. खूप झपाट्याने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचाही धोका वाढतो.

त्याहून मोठी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ महिलांना रक्तक्षय आढळला. आपल्याकडे लग्नानंतर वर्ष-दीड वर्षात पाळणा हलावा अशी घाई असते. जी मुलगी उपाशी राहून, रक्त कमी असताना बोहल्यावर चढते, ती तशीच पहिल्या बाळंतपणाला सामोरी जाते. चार किलो कमी दिसण्यासाठी ही किंमत फार मोठी आहे.

म्हणून वजन कमी करायला सुरुवात करण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. बाईचं १२ च्या खाली असेल तर आधी ते भरून काढायचं. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, तासाभराचं अंतर ठेवावं. चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. पाळी अनियमित असेल, थोडंसं खाऊनही वजन चढत असेल, सतत थकवा असेल तर थायरॉइड आणि पीसीओडीची तपासणी करावी. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा शिरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना दाखवून कोणत्या तपासण्या लागतील ते विचारता येतं.

सातपुड्याच्या पायथ्याच्या बोराडी, सांगवी, पळासनेर पट्ट्यात आणखी एक काळजी घ्यायला हवी. आदिवासी समाजात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. ज्याला हा आजार आहे त्याने निर्जळी उपास किंवा एकदम अंगमेहनतीचा व्यायाम केला तर तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. शिवाय लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघांची सिकलसेल तपासणी करणं हे वजनापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

पावडर, गोळ्या, इंजेक्शन

‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांमध्ये सिब्युट्रामाइनसारखं औषध मिसळलेलं वेगवेगळ्या देशांत सापडलं आहे. हृदयाला धोका असल्यामुळे भारतात २०११ पासून त्यावर बंदी आहे. डब्यावर १४ आकडी अन्न परवाना क्रमांक नसेल, बिल मिळत नसेल, तर घेऊच नये. आजार नसताना थायरॉइडची गोळी खाणं हे तर सरळ संकट ओढवून घेणं आहे.

वजन कमी करणारी नवी इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली. ती खरी औषधं आहेत, पण लठ्ठपणाच्या रुग्णांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. सेमाग्लुटाइड असेल तर मूल हवं असल्यास ते किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. लग्न तोंडावर असलेल्या मुलीने हे ऐकूनच पुढचं ठरवावं.

मन का टिकत नाही?

बहुतेकांना काय खायचं हे माहीत असतं. अडतं ते रोज करण्यात. त्याची कारणं आणि उपाय असे :

- रोज काट्यावर उभं राहणं. मीठ, पाळी, आदल्या दिवशीचं जेवण यामुळे वजन दिवसाला किलो-दीड किलो खालीवर होतं. ते बघून माणूस खचतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उपाशीपोटीच मोजावं. घरात काटा नसेल तर सुतळीने कंबर मोजून गाठ मारावी. पंधरा दिवसांनी गाठ कुठे येते ते बघावं. सुतळी खोटं बोलत नाही.

- ‘उद्यापासून व्यायाम.’ असा मोघम निश्चय टिकत नाही. ‘संध्याकाळी गुरांना पाणी दाखवलं की शाळेच्या मैदानावर आठ फेऱ्या’ असं ठरवलं तर टिकतं. रोजच्या एखाद्या कामाला जोडलेली सवय लवकर पक्की होते.

- ‘लोक काय म्हणतील?’ गावात मुलगी एकटी चालायला निघाली की चार जण विचारतात. बहीण, वहिनी किंवा मैत्रिणीला जोडीला घ्यावं. तेही जमत नसेल तर गच्चीवर सूर्यनमस्कार किंवा अंगणात दोरीवरच्या उड्या चालतात. अंधारात हायवेच्या कडेने मात्र कोणीच चालू नये.

- घरातलं जेवण एकच असतं. नवरीसाठी वेगळी भाजी कोण करणार? त्यामुळे फोडणीचं तेल घरातल्या सगळ्यांचंच कमी व्हायला हवं. त्यात वडिलांचं बीपी आणि आईची शुगर दोन्हीला फायदा आहे.

- टोमणे. ‘अशी दिसशील का मांडवात?’ म्हणून माणूस बारीक होत नाही. वजनावरून हिणवलेल्या लोकांचं वजन पुढे जास्त वाढतं, असं अभ्यासांत दिसून आलं आहे. मनाला फारच लागलं, जेवणावरची वासना उडाली, झोप उडाली, तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येतं.

- एक दिवस चुकला म्हणजे सगळं संपलं, असं वाटणं. मामाच्या घरी केळवणाला वरण-बट्टी, तूप आणि जिलेबी असणारच. ती मनापासून खावी. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या ताटावर परत यावं. बारा आठवड्यांत पाच-सहा केळवणांनी हिशेब मोडत नाही. केळवणानंतर आठवडाभर ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडून दिलं, तर मोडतो.

नवरदेवांसाठी

नियम तेच, पण जागा वेगळ्या. ढाब्यावरची रात्र, कोल्ड्रिंक आणि बिअर. ६५० मिलिलिटरच्या एका बिअरच्या बाटलीत २५० च्या आसपास कॅलरी जातात, सोबतचे तळलेले शेंगदाणे वेगळे. लग्न ठरलेल्या पोराला मित्र रोज ‘पार्टी’ मागतात. तीन महिने आठवड्याला एकच पार्टी ठेवली तरी पोट आत जातं.

तारखेला वीसच दिवस उरले असतील तर?

तर वजनाचा नाद सोडावा. साखर, तळण आणि पाकिटातलं कमी करावं, सात-आठ तास झोपावं, भरपूर पाणी प्यावं. पोटाचा फुगारा उतरतो, चेहऱ्यावर तरतरी येते. आणि ब्लाऊज शिवताना टेलरला दोन बोटं माया सोडायला सांगावी. ती लग्नातही कामाला येते आणि नंतरही.

कारण लग्नाचा दिवस एक, त्यानंतरचे संसाराचे दिवस हजारो. नव्या घरात गेल्यावर तेलाचा डबा, चहाची साखर आणि संध्याकाळच्या फेऱ्या यातलं जे टिकेल, तेच खरं कमी झालेलं वजन.