गवत कापणारे यंत्र का थांबले?

क्रिकेटचा सामना पाहताना आपले लक्ष फलंदाजाकडे असते. पण सामना सुरू होण्यापूर्वी मैदानावर आणखी एक काम झालेले असते. ते म्हणजे गवत कापण्याचे काम. छोट्या बागेतील गवत माळी कात्रीने किंवा हाताने ढकलायच्या यंत्राने कापतो. मोठ्या मैदानावर तेवढ्याने भागत नाही. तेथे माळी यंत्रावर बसतो आणि छोटा ट्रॅक्टर चालवावा तसे ते चालवतो. यंत्राच्या पोटाखाली पोलादी पाती गरगर फिरतात आणि गवत एकसारखे कापले जाते.

गवत कापण्याचे यंत्र प्रथम तयार केले ते इंग्लंडमधील एडविन बडिंग या कारागिराने. त्याला १८३० साली त्याचे पेटंट मिळाले. लोकरी कापडावरचे तंतू कापून ते गुळगुळीत करणारे यंत्र कापडगिरणीत असे. ते पाहून बडिंगला ही कल्पना सुचली, असे सांगतात. त्याचे यंत्र माणूस ढकलत असे. बसून चालवायच्या आजच्या बहुतेक यंत्रांना मात्र पेट्रोलचे इंजिन असते आणि ते सुरू करण्यासाठी बॅटरी असते.

समजा, उद्या सामना आहे. माळी यंत्रावर बसला, त्याने किल्ली फिरवली आणि यंत्र सुरूच झाले नाही. आता काय करायचे? नवी बॅटरी आणायची? तसे केले तर पैसे जातील आणि कदाचित दोष तसाच राहील. हुशार मिस्त्री आधी विजेचा रस्ता आठवतो.

हा रस्ता असा आहे. बॅटरी बारा व्होल्टची असते. तिच्यातून वीज फ्यूजमध्ये येते. फ्यूजमधून ती किल्लीच्या स्विचकडे जाते. तेथून अनेक यंत्रांत ती दोन-तीन सुरक्षा स्विचांतून पुढे जाते आणि सोलेनॉइडला पोहोचते. सोलेनॉइड म्हणजे विजेच्या जोरावर काम करणारा दरवाजाच समजा. किल्लीकडून आलेल्या थोड्या विजेने त्यातील तारेचे वेटोळे चुंबक बनते. ते चुंबक आतील जाड संपर्क जोडते. मग बॅटरीची मोठी वीज जाड तारेतून स्टार्टर मोटरकडे धावते. मोटर इंजिनाला फिरवते आणि इंजिन सुरू होते. वीज यंत्राच्या लोखंडी सांगाड्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत येते. हा रस्ता कोठेही तुटला, की काम थांबते.

दोष कोठे आहे, हे यंत्र स्वतःच सांगते. फक्त कान देऊन ऐकले पाहिजे.

किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज आला नाही, तर बॅटरी पूर्ण उतरली असेल, फ्यूज उडाला असेल किंवा एखादा सुरक्षा स्विच जोडला गेला नसेल. ‘टक टक टक’ असा भराभर आवाज आला, तर बहुधा बॅटरी अशक्त आहे किंवा तिची टोके खराब झाली आहेत. सोलेनॉइड ओढले जाते, मोटर वीज मागते, व्होल्ट एकदम घसरतात आणि सोलेनॉइड सुटते. हेच पुन्हा पुन्हा घडते. एकदाच मोठ्याने ‘टक’ झाले आणि पुढे शांतता पसरली, तर सोलेनॉइडचे संपर्क, जाड तार किंवा मोटर तपासावी. इंजिन जोरात फिरते पण पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नये. तेव्हा पेट्रोल आणि ठिणगी यांची चौकशी करावी.

चांगली भरलेली बॅटरी मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. मीटर बारा व्होल्टच्या आसपासच थांबला, तर बॅटरी जवळजवळ उतरली आहे असे समजावे. कधी कधी मात्र मीटर १२.६ दाखवतो आणि तरीही मोटर फिरत नाही. असे का होते? बॅटरीच्या टोकांवर जमलेली पांढरी-हिरवी भुकटी पाहा. ती विजेला अडथळा करते. हा अडथळा अवघा ०.०५ ओहम आहे आणि मोटरला १०० अँपिअर वीज लागते, असे समजू. ओहमच्या नियमाप्रमाणे १०० गुणिले ०.०५ म्हणजे ५ व्होल्ट त्या भुकटीतच खर्च होतात. मोटरपर्यंत बारापैकी सातच व्होल्ट पोहोचतात. म्हणजे चिमूटभर भुकटीने एवढे मोठे यंत्र अडवले! खाण्याचा सोडा पाण्यात कालवून टोके धुवावीत, ब्रशने घासावीत, कोरडी करावीत आणि घट्ट आवळावीत. काढताना ऋण टोकाची तार आधी काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. नाहीतर पाना सांगाड्याला लागून मोठी ठिणगी उडू शकते. बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निघतो. म्हणून तेथे काडी किंवा विडी पेटवू नये.

मिस्त्रीजवळ आणखी एक साधे साधन असते. बारा व्होल्टचा छोटा दिवा आणि त्याला दोन तारा. एक तार सांगाड्याच्या स्वच्छ लोखंडाला लावायची. दुसरी तार आधी बॅटरीच्या धन टोकाला, मग फ्यूजच्या दोन्ही बाजूंना, मग किल्लीच्या स्विचला, अशी एकेक ठिकाणी लावत जायची. किल्लीच्या पुढची ठिकाणे तपासताना किल्ली फिरवून धरावी लागते. म्हणून त्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी. म्हणजे इंजिन अचानक सुरू होणार नाही. ज्या ठिकाणी दिवा लागत नाही, त्या ठिकाणाच्या आणि मागच्या ठिकाणाच्या मध्येच दोष असतो. उंदराने कुरतडलेली तार, गंजलेला जोड, उडालेला फ्यूज यांपैकी काहीतरी तेथे सापडते.

फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज घालावा. त्याच्या जागी तारेचा तुकडा कधीही गुंडाळू नये. फ्यूज आपण जळतो आणि तारांना वाचवतो. तो जळला नाही तर तार जळते. शेजारी पेट्रोल आणि सुके गवत असते, हे विसरू नका.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सुरक्षा स्विच कशासाठी असतात? एक ब्रेकच्या पायटाखाली असतो, एक पाती फिरवणाऱ्या खटक्याला असतो आणि एक बैठकीखाली असतो. पाती फिरत असताना चालक उठला किंवा खाली पडला, तर बैठकीचा स्विच इंजिन बंद करतो. हा स्विच बिघडला की यंत्र अडते. मग कोणी घाईने म्हणतो, “दोन तारा एकमेकींना जोडून टाका, काम झाले!” यंत्र खरोखरच सुरू होते. सामनाही वेळेवर होतो. पण त्या दिवसापासून उतारावर माळ्याचा तोल गेला, तरी पाती थांबणार नाहीत. त्याचा हात किंवा पाय वाचवणारा पहारेकरी आपणच काढून टाकलेला असतो. स्विच बिघडला असेल तर नवा बसवावा. तो मिळेपर्यंत यंत्र उभे राहिले तरी चालेल. गवत एक दिवस उशिरा कापता येते, कापलेला हात पुन्हा उगवत नाही.

मुलांनो, गवत कापण्याचे यंत्र तुमच्या घरी नसेल. पण ट्रॅक्टर, रिक्षा, मोटारसायकल यांच्यातही बॅटरी, फ्यूज, सोलेनॉइड आणि स्टार्टर असतात. आजच्या अनेक मोटारसायकलींचा उभा करायचा पाय खाली असताना गिअर टाकला, तर इंजिन बंद होते. तोही असाच एक पहारेकरी आहे. यंत्र बंद पडले तर घाबरू नका आणि घाईही करू नका. आधी पाहा, ऐका, विचार करा. मग एका टोकापासून क्रमाने तपासा आणि दुरुस्तीचे काम जाणकार माणसाकडून करून घ्या.

स्वाध्याय

१. विजेचा रस्ता बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत क्रमाने लिहा.
२. ‘टक टक टक’ असा आवाज का येतो?
३. फ्यूजच्या जागी तार का गुंडाळू नये?
४. ‘पहारेकरी’ हा शब्द लेखकाने कशासाठी वापरला आहे?
५. तुमच्या गावातील मिस्त्रीला भेटा आणि तो दोष कसा शोधतो, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.