हृदयदौर्बल्य आणि घरची सोबत

'हार्ट फेल्युअर' हे शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की घरच्या माणसांचा प्रथम समज होतो तो असा, की आता सारे संपले. शब्दच तसा भयंकर आहे. वस्तुतः येथे हृदय बंद पडत नाही. ते दुबळे किंवा ताठर होते, आणि शरीराला लागेल तितके रक्त त्याच्याने पुढे ढकलवत नाही. निरोगी हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आपल्यातील रक्तापैकी शेकडा सुमारे ५५ ते ७० भाग बाहेर टाकतो. हे प्रमाण ४० किंवा त्याखाली आले म्हणजे उपसा कमी झाला असे मानतात. ताठर हृदयाच्या रोग्यात मात्र हा आकडा चांगला असूनही धाप लागते. रक्त कमी पोहोचले की मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात, आणि ते पाणी पायांत, पोटात व फुप्फुसांत साचते. घरच्या शुश्रूषेचा बराचसा भाग या पाण्याभोवतीच फिरतो. डॉक्टर रोग्याला महिन्यातून एखाद्या वेळी पाहतात. पत्नी पतीला, किंवा पती पत्नीला, रात्रंदिवस पाहत असतो.

रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहापूर्वी, एकाच काट्यावर व साधारण तशाच कपड्यांत वजन करावे आणि वहीत मांडावे. आम्हां शिक्षकांना हजेरीपटाची सवय म्हणून असेल, पण औषधांच्या खालोखाल मला या वहीचेच महत्त्व वाटते. तीन दिवसांत वजन २ किलोंहून अधिक वाढले, तर ते बहुधा अंगावरचे मांस नव्हे, पाणी होय. धाप लागण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे. वहीत आणखी एक रकाना असावा: रात्री उशा किती लागल्या. आठवड्यापूर्वी एक पुरत होती, काल दोन लागल्या, आज मनुष्य बसूनच रात्र काढतो, हे तो आपण होऊन क्वचितच सांगतो. "काही नाही, जरा उकडत होते," म्हणून वेळ मारून नेतो. शेजारी निजणाऱ्यालाच ते कळते. घोट्यावर अंगठा दाबून पाहावा. खळगा राहिला तर सूज आहे. बसूनही श्वास पुरत नसेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर वही मिटून थेट रुग्णालय गाठावे.

मिठाविषयी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस निरोगी प्रौढांसाठीही दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आहे. आमटीत हात आखडला तरी लोणचे, पापड, शेव, खारवलेली मासळी व बेकरीची खारी यांतून ते मागल्या दाराने येतेच. रोग्याचे ताट वेगळे मांडू नये. त्याला ती शिक्षा वाटते, आणि मग तो चोरून खातो. सर्वांनीच कमी मिठाचे जेवावे. लिंबू, लसूण, मिरे, कोकम हाताशी आहेतच. बाजारातील 'कमी सोडियम'चे मीठ मात्र विचारल्याविना आणू नये. त्यात पोटॅशियम असते, आणि या रोगाच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात घातक प्रमाणात वाढू शकते. गुडघेदुखीवर आपल्या मनाने घेतलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्याही अंगात पाणी धरतात.

गोळ्या पुष्कळ असतात, आणि घरोघर एक प्रश्न हटकून निघतो: "यांना साखर नाही, मग मधुमेहाची गोळी का?" डॅपाग्लिफ्लोझिन हे औषध मूळ मधुमेहाचेच, परंतु मधुमेह नसलेल्या हृदयरोग्यांनाही ते उपयोगी पडते असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसून आले. तेव्हा ती गोळी चुकून लिहिली असे समजून बंद करू नये. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर मात्र तीविषयी आणि लघवीच्या गोळीविषयी लगेच विचारावे.

रोजा असो वा निर्जळी एकादशी, उपवासापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. कुराणात आजाऱ्याला रोजातून सूट आहे, आणि बरे न होणाऱ्या दुखण्यात रोजाऐवजी गरिबाला जेवू घालण्याचा मार्ग आहे. तरीही "इतक्या वर्षांत एक चुकवला नाही," असे हट्टाने म्हणणारी वडीलधारी माणसे मी पाहिली आहेत. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा मौलवीसाहेबांना घरी बोलावणे अधिक कामी येते.

रोग्याला अंथरुणाला खिळवून ठेवणे ही मायेची रीत खरी, पण तिने स्नायू आणखी गळतात. प्रकृती स्थिर असता डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडे चालावे, भाजी निवडावी, नातवाचा अभ्यास घ्यावा. पतिपत्नींच्या सहवासाबद्दलही डॉक्टरांस निःसंकोच विचारावे. लाजेपायी कित्येक जोडपी विनाकारण दुरावतात.

आणि सेवा करणाऱ्याचे काय? मध्यरात्री श्वास मोजत जागणाऱ्याची स्वतःची झोप व रक्तदाब कोणी विचारीत नाही. त्याने आठवड्यातून दोन-तीन तास तरी घराबाहेर पडावे. त्यापूर्वी वही कोठे आहे, लघवीची गोळी कोणती आणि कोणत्या डॉक्टरांना दूरध्वनी करावयाचा, हे सुनेला अथवा शेजारणीला दाखवून ठेवावे.