ट्रॅमडॉल व श्वानांचे वेदनाशमन

अफूपासून मिळणारी अथवा तिच्या धर्तीवर प्रयोगशाळेत सिद्ध केलेली वेदनाशामके मेंदू व पृष्ठरज्जू यांतील विशिष्ट ग्राहींशी, मुख्यत्वेकरून म्यू ग्राहींशी, संलग्न होऊन आपले कार्य करतात. हे ग्राही मनुष्याप्रमाणेच इतर सस्तन प्राण्यांतही असल्यामुळे, मनुष्यास गुणकारी ठरलेले औषध वजनाच्या प्रमाणात मात्रा बदलून पशूस दिले म्हणजे पुरे, अशी समजूत सहज होते. ती कितपत ग्राह्य आहे, हे ट्रॅमडॉलच्या उदाहरणावरून पाहता येईल.

ट्रॅमडॉल स्वतः म्यू ग्राहींशी फारच दुर्बलपणे बद्ध होते. मनुष्याच्या यकृतात सीवायपी २डी६ या विकराच्या क्रियेने त्याचे ओ-डेसमिथिलट्रॅमडॉल बनते, व अफूसदृश परिणाम प्रायः या रूपांतरित द्रव्याचाच असतो. श्वानाच्या शरीरात हे द्रव्य अत्यल्प तयार होते. मार्जारात मात्र ते पुष्कळ निर्माण होते व सावकाश बाहेर पडते. मूळ ट्रॅमडॉल सेरोटोनिन व नॉरएपिनेफ्रिन यांच्या पुनर्ग्रहणास अडथळा करते हे खरे. तथापि तेवढ्याने श्वानाची वेदना शमतेच असे नाही. सांध्यांच्या जुनाट विकाराने पीडित श्वानांवरील, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ट्रॅमडॉल औषधरहित गोळीहून सरस ठरले नाही.

जातिभेदाचा हा नियम इतरत्रही आढळतो. मॉर्फिनने श्वानास गुंगी येते व त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावतात. मार्जार व अश्व यांच्या बाहुल्या विस्फारतात, आणि अधिक मात्रेत हे प्राणी प्रक्षुब्धही होतात. अश्वाच्या आतड्यांची हालचाल मंदावून पोटशूळाचे भय संभवते.

मनुष्य रोगी औषध लागू पडले नाही असे बोलून दाखवितो. श्वानास ती सोय नाही. निश्चल पडून राहिलेला श्वान वेदनामुक्त झाला आहे, की केवळ गुंगीत वा वेदनेनेच निमूट झाला आहे, हे दुरून कळत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर जखमेभोवती हलकेच दाबून पाहणे, चाल, बसण्याची ढब व अन्नावरील वासना न्याहाळणे, आणि ग्लासगो येथे सिद्ध झालेल्या मोजपट्टीसारख्या साधनाने ठरावीक अंतराने गुण नोंदविणे अगत्याचे आहे. गुण उतरत नसतील तर मेथाडोनसारख्या, म्यू ग्राहींवर थेट कार्य करणाऱ्या औषधाचा अवलंब करावयास हवा. औषध दिले गेले, एवढ्यावरून वेदना शमली असे मानणे शास्त्रास धरून नव्हे.