ब्लूबेरीची हौस आणि घरचा फालसा

पुण्या-मुंबईच्या फळदुकानांत पेरू, चिली या देशांतून आलेल्या ब्लूबेरीच्या लहान डब्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. निळसर-काळे, आंबटगोड, वाटाण्यापेक्षा थोडे मोठे असे हे फळ. त्याची बुटकी रोपेही निघाली आहेत. ‘टॉप हॅट’ नावाची जात तर दीड-दोन फुटांवरच थांबते आणि कुंडीत शोभून दिसते. साहजिकच गच्चीवर बाग करणारे गिऱ्हाईक रोपवाल्याकडे तिची चौकशी करते. नगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) आपल्या बागवान व रोपविक्रेत्या बांधवांनी हा माल ठेवावा काय?

आमचे स्पष्ट मत आहे, ठेवू नये. ब्लूबेरीला आम्ल माती लागते. सामू साडेचार ते साडेपाच असला तरच ती सुखात राहते. आपली काळी जमीन चुनखडीची, बोअरचे पाणी जड. कुंडीत विकतची माती भरली तरी तेच पाणी घालून घालून ती बिघडते आणि पाने पिवळी पडतात. शिवाय थंड देशांतल्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखालचे शेकडो तास लागतात. नगरची थंडी बोचरी खरी, पण ती पहाटेपुरती. कमी थंडीत येणाऱ्या जाती आहेत, मात्र त्यांचे चोचले पुरवणे हे हौशी माणसाचे काम नव्हे. महागडे रोप मेले की गिऱ्हाईक एकदाच तक्रारीला येते, पुन्हा मोगऱ्यालाही येत नाही. छोट्या धंद्यात नाव गेले की भांडवल गेल्यासारखेच.

त्याच चवीच्या जवळ जाणारे फळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते म्हणजे फालसा. पिकल्यावर जांभळा-काळा, आधी आंबट मग गोड, आत एखाद-दुसरी बी. मीठ लावून खाल्ला तर हात थांबत नाही. या झुडपाला ऊन सोसते, पाण्याची ओढ सोसते, हलकी जमीनही चालते. मुळाशी पाणी साचणे तेवढे सोसत नाही. नगरसारख्या दुष्काळी जिल्ह्याला याहून समजूतदार झाड कोणते?

फालशात उंच व बुटका असे दोन प्रकार मानले जातात आणि बुटका जास्त फळतो. फळ नव्या फुटीवर येते, म्हणून पाने गळाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत छाटणी करावीच लागते. छाटले की झुडूप आपोआप आटोक्यात राहते. मोठ्या कुंडीत किंवा कापलेल्या पिंपात ते म्हणूनच जमते. जमिनीतले चांगले झुडूप तीन ते पाच किलो फळ देते, कुंडीतले त्याहून कमी. छाटलेल्या लवचिक काटक्यांच्या टोपल्या विणता येतात, हे आपल्या कारागिरांनी ध्यानात ठेवावे.

मग फालसा बाजारात मुबलक का नाही? कारण तो एकदम पिकत नाही, रोज थोडा थोडा तोडावा लागतो, आणि तोडल्यावर एक-दोन दिवसांतच उतरतो. मोठ्या आडत्याला हा माल परवडत नाही. पण नेमकी हीच अडचण छोट्याच्या फायद्याची आहे. सकाळी तोडलेला फालसा दुपारपर्यंत गाडीवर विकणे किंवा त्याचे सरबत करणे हे घरच्या माणसांच्या बळावर होण्यासारखे काम आहे.

सरबताचे गणित मात्र बदलले आहे. २०२० ते २०२२ या वर्षांत रमजान एप्रिल-मे महिन्यांत आला, तेव्हा ताजे फळ इफ्तारला मिळू शकत होते. आता रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत हिवाळ्याकडे चालला आहे आणि फालशाचा हंगाम उन्हाळ्यातच राहणार. तेव्हा रमजानची विक्री साधायची तर मे महिन्यातच रस गाळून, साखरेत तापवून, निर्जंतुक बाटल्यांत भरावा लागेल. उजेडात त्याचा रंग उडतो, म्हणून बाटल्या अंधारात ठेवाव्यात. विक्रीसाठी करायचे तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी आधी करून घ्यावी.

रोपांचा धंदा करणाऱ्यांनी खाल्लेल्या फळांच्या बिया धुऊन सावलीत वाळवाव्यात व पहिल्या पावसाच्या तोंडी पिशव्यांत पेराव्यात. बी वर्षभर साठवू नये, जुने झाले की उगवत नाही. रोप साधारण दुसऱ्या वर्षी फळ दाखवते. विकताना गिऱ्हाइकाला छाटणीचा महिना मात्र आठवणीने सांगावा.